परीक्षेचा दिवस आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे. बोलताना जे बोललो ते शक्यतो तसेच ठेवले आहे.)



समितीने आम्हाला "शिक्षणाचे महत्त्व" हा विषय दिला होता. आम्ही अध्यक्षसाहेबांना विनंती केली की, साहेब, शिक्षणाचे महत्त्व या वस्तीला सांगायची आता गरज नाही. इथे घरटी एक तरी पोरगा-पोरगी कोणत्या ना कोणत्या परीक्षेला बसलेली आहे. कोणी टायपिंगच्या, कोणी एमएस-सीआयटीच्या, कोणी सेट-नेटच्या, कोणी नीटच्या. पुस्तकात काय वाचायचे हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळते. पण परीक्षेच्या दिवशी सकाळी सहा ते साडेदहाच्या मधात जे काही होते, ते कोणत्याच गाईडमध्ये छापलेले नसते. त्यावर आम्हाला बोलू द्या. त्यांनी परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

आम्ही कोण, हे आधी सांगतो. आम्ही म्हणजे पाच जण. तीन गुरुजी, दोन बाई. सगळे प्राथमिक शिक्षक, वय पंचेचाळिशीच्या आगेमागे, नोकरी वीस वर्षांच्या वरची. २०१० साली २३ ऑगस्टला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने अधिसूचना काढली आणि पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या नव्या शिक्षकाला शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, लागू झाली. महाराष्ट्रातली पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ ला झाली. आम्ही त्याच्या आधीचे. त्यामुळे ही भानगड नव्या पोरांची, आपल्याला काय त्याचे, असे आम्ही बारा वर्षे समजत आलो.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. प्रकरण आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेले होते. निकालाचा सार असा की, ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत टीईटी पास व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी. ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली, त्यांनी सेवेत राहावे, पण टीईटीशिवाय बढती मिळणार नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी गेलो तर बातमी आमच्या आधी घरी पोचलेली. घरच्यांनी चहा ठेवला आणि एवढेच विचारले, "अन् नापास झाले त?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. पतसंस्थेचे कर्ज, मुलीच्या नर्सिंगची फी, म्हाताऱ्या आईचे औषध, हे सगळे ज्या पगारावर चालते तो पगार एका कागदावर येऊन टेकला होता. आणि आम्ही तर वर्गात पोरांना सांगणारे की, परीक्षेला भिऊ नका रे!

तर आम्ही पाच जण याच विहारात, याच दिव्याखाली, रोज संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ बसायला लागलो. महिला मंडळाने चहाचे पैसे घेतले नाहीत, हे इथे मुद्दाम नोंदवतो. अभ्यास झाला. १५० प्रश्न, १५० गुण, १५० मिनिटे. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. पास व्हायला ६० टक्के, मागासवर्गीयांना ५५ टक्के, म्हणजे साडेब्याऐंशी. आम्ही भिंतीवरच्या फळ्यावर खडूने ८३ असा आकडा लिहून ठेवला होता. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हेही त्याच्या खाली लिहिले होते. परीक्षा २३ नोव्हेंबर २०२५, रविवार.

आता त्या रविवारी काय झाले ते ऐका. पाच जणांपैकी एकाचाही दिवस सरळ गेला नाही.

पहिली गोष्ट : केंद्र

आमच्यातले एक गुरुजी पहाटेच्या एस.टी.ने निघाले. अमरावती काही परदेश नाही, आयुष्यभर जात आलेलो. प्रवेशपत्रावर शाळेचे नाव वाचले, आटोवाल्याला सांगितले, त्याने राजापेठेकडे नेऊन सोडले. दारावर ना गर्दी, ना पोलीस. चौकीदार म्हणाला, "गुरुजी, परीक्षा इथं नाही. ह्याच नावाची दुसरी शाळा गाडगेनगरकडे आहे, तिथं असन." प्रवेशपत्रावर पत्ता खाली बारीक अक्षरात छापलेला होता. तो वाचला नव्हता. चांदूर म्हटले की बाजार की रेल्वे असे विचारणारी आपण माणसे. एका नावाची दोन गावे आपल्याच जिल्ह्यात आहेत, बाहेरचा पाहुणा चांदूर रेल्वेला उतरून आपल्याला फोन करतो तेव्हा आपण त्याला हसतो. आणि शाळेच्या बाबतीत आपणच तसे केले.

गुरुजी पळत सुटले. दुसरा आटो मिळाला. दार बंद व्हायला दहा मिनिटे असताना पोचले. आत गेले, जागेवर बसले. सगळे निभावले, असे वाटते ना? पण गोष्ट इथे संपत नाही. तिचा शेवट पुढे सांगतो.

यातून आम्ही नियम केला. आदल्या दिवशी केंद्र डोळ्यांनी पाहायचे. कोणी अमरावतीला नातलग असेल त्याला सांगायचे, "बाप्पा, एवढी शाळा पाहून ये अन् दारासमोर काय आहे ते सांग." पत्ता पिनकोडासकट वाचायचा. आणि जी गाडी वेळेवर पोचवते ती आपली नव्हे, तिच्या आधीची गाडी आपली. एस.टी.चा काही भरवसा नसतो म्हणून सांगत नाही, आपल्यापेक्षा मोठ्या गोष्टीही आड येतात. २०२१ ची टीईटी २१ नोव्हेंबरला झाली तेव्हा राज्यभर एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालू होता आणि त्याच पंधरवड्यात अमरावती शहरात संचारबंदीही लागलेली होती. त्या वर्षी ज्यांनी आदल्या दिवशीच सोय केली, त्यांना रस्त्यात हात दाखवत उभे राहावे लागले नाही.

दुसरी गोष्ट : नाव

आमच्या एका बाईंचे प्रवेशपत्र माहेरच्या नावाने, कारण डी.एड.चे प्रमाणपत्र त्या नावाचे. आधारकार्ड सासरच्या नावाने. दारावरच्या कर्मचाऱ्याने दोन्ही कागद शेजारी धरले आणि म्हणाला, "ह्या दोन बाया आहेत." मागे रांग. बाई रडकुंडीला आल्या. त्यांच्या जागी आम्ही असतो तर भांडलो असतो, आणि भांडण्यात दहा मिनिटे घालवली असती. त्यांनी भांडण केले नाही. त्या रांगेतून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "मला केंद्रसंचालकांना भेटू द्या." पिशवीत विवाह नोंदणीचा दाखला होता, जुने मतदार ओळखपत्र होते, शाळेचे ओळखपत्र होते. केंद्रसंचालकांनी कागद पाहिले, हमीपत्र लिहून घेतले, आत सोडले.

माता-भगिनींनो, हे खास तुमच्यासाठी सांगतो. लग्नानंतर नाव बदलणे ही आपल्याकडे साधी गोष्ट वाटते, पण परीक्षेच्या दारात ती डोंगर होते. राजपत्रात नाव बदलाची नोंद करून घ्या, विवाहाचा दाखला घ्या, त्याच्या दोन झेरॉक्स काढा. अर्ज भरतानाच नाव ओळखपत्राशी जुळवून पाहा. आणि दारावर अडचण आली तर शिपायाशी हुज्जत घालू नका. ज्याच्या हातात सही आहे त्याला भेटा. जे ठरेल ते कागदावर लिहून घ्या किंवा लिहून द्या. तोंडी बोललेले संध्याकाळपर्यंत कोणालाच आठवत नाही.

तिसरी गोष्ट : चष्मा

आमच्यातले सर्वांत मोठे गुरुजी आत जायच्या आधी खिसे तपासू लागले. पेन दोन आहेत, काळ्या शाईचे. प्रवेशपत्र आहे. फोटो आहे. चष्मा? चष्मा घरी, टीव्हीवर. आदल्या रात्री अभ्यास करता करता काढून ठेवला तो तिथेच राहिला. जवळचे अक्षर दिसत नाही. दीडशे प्रश्न बारीक टायपात, आणि चष्मा दीड तासाच्या वाटेवर.

दारासमोर एक चहावाला होता. त्याच्याकडेच मोबाईल ठेवायचा म्हणून गुरुजी गेले आणि सहज बोलून गेले. त्या माणसाने नाकावरचा चष्मा काढला. "गुरुजी, हा घ्या माया चष्मा. दोन नंबरचा आहे. मले संध्याकाळपर्यंत कायले पाह्यजे? चहा त आंधयाले बी करता येते." गुरुजींचा नंबर पावणेदोन. भागले! त्या चहावाल्याचे नाव आम्हाला ठाऊक नाही. त्याच्या घरी कोणी शिकते की नाही, तेही माहीत नाही. पण आमच्यातला एक माणूस त्याच्या चष्म्यातून पास झाला, एवढे खरे.

म्हणून पिशवी आदल्या रात्री भरा आणि ती दुसऱ्याकडून तपासून घ्या. आपली विसरलेली वस्तू आपल्याला दिसत नाही, घरच्यांना दिसते. चष्मा, रोजच्या गोळ्या, साखरेच्या आजाराच्या माणसाने खायचे काहीतरी, बहिणींनी त्या दिवसांत लागणारे सामान, पाण्याची बाटली. काही वस्तू आत नेऊ देत नाहीत, त्या बाहेर कोणाजवळ ठेवायच्या ते आधी ठरवा. आणि घरून उपाशी निघू नका. मायने कितीही आग्रह केला तरी तेलकटही खाऊ नका. भाकर-भाजी खा.

चौथी गोष्ट : गोळा

आता ही गोष्ट नीट ऐका, कारण ही कोणाच्याही हातून घडू शकते. आमच्या दुसऱ्या बाई अभ्यासात सर्वांत पक्क्या. एकेचाळिसावा प्रश्न अवघड वाटला म्हणून त्यांनी तो सोडला, मागून करू म्हणून. पण उत्तरपत्रिकेवर गोळा सोडला नाही. बेचाळिसाव्या प्रश्नाचे उत्तर एकेचाळिसाव्या ओळीत काळे केले. त्रेचाळिसाव्याचे बेचाळिसाव्या ओळीत. असे चालत चालत चोपन्नाव्या प्रश्नाला आल्या तर समोर त्रेपन्नावी ओळ रिकामी! म्हणजे बारा उत्तरे एकेक घर वर सरकलेली. शाई खोडता येत नाही. दुसरी उत्तरपत्रिका मिळत नाही.

त्या सांगतात, "हातापायाला मुंग्या आल्या. वाटलं, उठून घरी जावं." मग त्यांनी पेन खाली ठेवला. इथेच या विहारात आपण आनापान करतो, तसे दहा श्वास मोजले. आणि नंतर त्यांनी हिशोब केला. गणिताच्या बाई ना! दीडशेतून बारा गेले, उरले एकशे अडतीस. पाहिजेत त्र्याऐंशी. अजून जमते. शिवाय चार पर्यायांत एखाददुसरे योगायोगाने बरोबरही बसले असेल, आणि चुकल्याचे गुण कापत नाहीत. त्यांनी त्रेपन्नावी ओळ बरोबर भरली आणि पुढे निघाल्या. मागच्या बारा ओळींकडे पुन्हा पाहिले नाही. निकाल लागला तेव्हा त्या पास होत्या.

मुलांनो, दर दहा प्रश्नांनंतर बोटाने प्रश्नाचा नंबर आणि ओळीचा नंबर जुळवून पाहा. पाच सेकंद लागतात. प्रश्न सोडला तर प्रश्नपत्रिकेवर खूण करा आणि उत्तरपत्रिकेवरची ती ओळही सोडा. आणि चूक झालीच तर पहिले काम हिशोब. रडणे संध्याकाळी. किती गेले, किती उरले, किती लागतात. हे तीन आकडे कागदावर मांडले की भीती अर्धी होते. ज्या परीक्षेत चुकीला गुण कापतात तिथे हिशोब वेगळा, तो आधीच माहीत करून घ्या.

पाचवी गोष्ट : दोन पेपरांच्या मधात

आमचे एक गुरुजी दोन्ही पेपर देत होते. सहावी ते आठवीला शिकवतात, म्हणून दुसरा पेपर त्यांच्या कामाचा. पहिला पेपर झाला, बाहेर लिंबाच्या झाडाखाली लोक जमले आणि सुरू झाले, "छत्तीसचं काय लिहिलं? मी ब लिहिलं." "ब कसं, क आहे ते!" गुरुजींच्या डब्यातली पोळी तशीच राहिली. प्रत्येक प्रश्नागणिक त्यांचे एकेक उत्तर चूक निघत गेले आणि दुसऱ्या पेपरला ते जेव्हा बसले तेव्हा मनाने आधीच नापास झालेले होते. निकालात काय दिसले? पहिल्या पेपरमध्ये ते चांगल्या गुणांनी पास. झाडाखाली जी उत्तरे चूक वाटली त्यातली पुष्कळशी बरोबर होती! दुसऱ्या पेपरमध्ये मात्र नापास. पेपर संपला की त्या पेपरचे नाव काढायचे नाही, हा नियम आम्ही तेव्हापासून केला. झाडाखाली बसा, पण भाकर खायला बसा.

आता पहिल्या गोष्टीचा शेवट

ज्या गुरुजींचे केंद्र चुकले होते ते दहा मिनिटे आधी पोचले, हे सांगितले. वेळेत पोचले म्हणजे निभावले, असे सगळ्यांना वाटले. पण त्यांचे हात थरथरत होते, छाती धडधडत होती. प्रश्नपत्रिका समोर आली, पहिला प्रश्न चारदा वाचला, अर्थ लागेना. स्वतःलाच शिव्या देत बसले. "वीस वर्षं नोकरी केली अन् पत्ता वाचता आला नाही." त्यातच शेजारच्या बाकावरचा तरुण उठून पाया पडला. "गुरुजी, तुम्ही बी?" चौथीत शिकवलेला पोरगा! त्याने प्रेमाने केले, पण गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखे झाले. वर्गातल्या घड्याळाकडे पाहिले तर वीस मिनिटे गेलेली. वीस मिनिटे म्हणजे वीस प्रश्न. शेवटी घाई झाली. गुण पडले एकोणऐंशी. चार गुणांनी गेले.

ते गुरुजी कोण, हे विचारू नका. ते आज तुमच्यासमोर उभे राहून भाषण करून राहिले आहेत.

(इथे सभागृहात हशा झाला. आम्हीही हसलो.)

म्हणजे पाहा. बाईंच्या बारा ओळी खरोखर गेल्या, तरी त्या पास झाल्या. आमचे प्रत्यक्ष काहीच गेले नव्हते, दार उघडे होते, जागा होती, पेन होता, तरी आम्ही नापास झालो. परीक्षेच्या दिवशी जे नुकसान होते त्याचे दोन भाग असतात. एक अपघाताने होते. दुसरे आपण त्या अपघाताला कवटाळून बसल्याने होते. पहिल्यावर आपला अधिकार नाही, दुसऱ्यावर थोडा तरी आहे. आम्ही जर जागेवर बसल्यावर पहिली दोन मिनिटे डोळे मिटून श्वास सावरला असता आणि मग सोप्या विषयापासून सुरुवात केली असती, तर ते चार गुण कुठे गेले नसते. मराठीचे तीस प्रश्न होते हो! ते तरी आधी करायचे.

मोठी संकटे

काही संकटे मात्र एकट्याची नसतात. तिथे श्वास मोजून भागत नाही, तिथे अर्ज करावा लागतो.

२०२० च्या ऑगस्टच्या शेवटी पूर्व विदर्भात वैनगंगेला महापूर आला आणि १ सप्टेंबरपासून जेईई होती. भंडाऱ्याकडून गेलेल्या एका पत्राची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली. परीक्षा थांबवली नाही, पण पुरामुळे जे पोचू शकले नाहीत त्यांनी परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे अर्ज करावा, जिल्हाधिकाऱ्यांकडून खात्री करून त्यावर निर्णय व्हावा, असा मार्ग काढून दिला. एका पत्राने! २०२१ च्या जुलैत कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, रायगडकडे पूर आला तेव्हाही न पोचलेल्या मुलांना पुन्हा संधी देण्याचे केंद्र सरकारने जाहीर केले.

५ मे २०२४ च्या नीट परीक्षेत काही केंद्रांवर मुलांचा वेळ वाया गेला. त्याबद्दल १५६३ मुलांना वाढीव गुण दिले गेले, वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ते गुण काढून २३ जूनला त्यांना फेरपरीक्षेची मुभा दिली. त्यातली ८१३ मुले फेरपरीक्षेला बसली. त्याच वर्षी १८ जूनला झालेली यूजीसी-नेट दुसऱ्या दिवशी रद्द झाली आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरात झाली. १६ डिसेंबर २०२१ ला केंद्रीय टीईटी संगणकावर चालू असताना तांत्रिक बिघाडाने दुपारचा पेपर पुढे ढकलावा लागला. आणि आपल्या राज्याच्या आरोग्य विभागाची भरती परीक्षा २५-२६ सप्टेंबर २०२१ ला होती, ती आदल्या रात्री पुढे ढकलली गेली, तेव्हा कितीतरी मुले गाडीत बसलेली होती.

अशा वेळी काय करावे? संगणकावरची परीक्षा असेल आणि पडदा गोठला तर बटणे दाबत सुटू नका. हात वर करा, पर्यवेक्षकाला बोलवा, किती वाजता बंद पडले ते लक्षात ठेवा. दिलेली उत्तरे सहसा मुख्य संगणकावर साठलेली असतात आणि दुसऱ्या यंत्रावर बसवून उरलेला वेळ पुढे चालू करून देतात. वेळ मिळाला नाही तर त्याच दिवशी, केंद्र सोडायच्या आधी, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकट्याने देऊ नका, त्या खोलीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. गाडी बंद पडली तर तिकीट जपून ठेवा. दवाखान्यात जावे लागले तर कागद जपून ठेवा. एवढे करून न्याय मिळेलच असे आम्ही म्हणत नाही. पण कागद नसला तर मिळण्याची वाटच बंद होते.

या ठिकाणी बाबासाहेबांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुस्तकांचे सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते, ती बोट महायुद्धात पाणतीराने बुडाली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला, तो त्यांनी मुंबईत बसून पुन्हा लिहून पाठवला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. ज्यांची अख्खी बोट बुडाली त्यांनी पुन्हा प्रवास केला. आपली तर एक एस.टी. चुकते.

विहाराला एक मागणी

शेवटी समितीकडे एक मागणी आहे. आपल्या विहारात वाचनालय आहे, लग्नासाठी भांडी आहेत, सतरंज्या आहेत. तशीच एक परीक्षेची पेटी असावी. तीत काळ्या शाईचे पेन, साधे घड्याळ, जवळचे वाचायचे दोन-तीन नंबरांचे चष्मे, झेरॉक्ससाठी थोडे सुटे पैसे, आणि आदल्या रात्री पिशवी तपासायची यादी असावी. दुसरे, अमरावतीला राहणारे आपले जे नातलग आहेत त्यांच्यापैकी परीक्षेच्या आदल्या रात्री एखाद्या पोरीला, एखाद्या पोराला घरी झोपायला जागा देतील अशा पाच-दहा घरांची यादी समितीजवळ असावी. खेड्यावरची पोरगी पहाटे चारला उठून एकटी निघते, तिच्या बापाच्या जिवाला काय वाटत असेल? एका रात्रीची सतरंजी दिली तर तिचे वर्ष वाचते. तिसरे, पहिल्यांदा परीक्षेला जाणाऱ्याबरोबर एकदा गेलेला माणूस जावा. बाहेर बसून राहावे, मोबाईल सांभाळावा, मधल्या वेळी डबा उघडून द्यावा. एवढेच काम.

आमच्या पाच जणांतले तिघे पास झाले, दोघे राहिलो. जे पास झाले ते अजूनही साडेसातला येऊन बसतात. आम्ही त्यांना म्हटले, "बाई, तुमचं झालं ना आता? घरी स्वयंपाक नाही का?" बाई म्हणाल्या, "गुरुजी, फळ्यावरचा आकडा अजून पुसला नाही." त्यावर आम्हाला बोलता आले नाही. ८३ चा तो आकडा आजही मागच्या खोलीतल्या फळ्यावर आहे. भोजनदानाला जाताना पाहून घ्या.

पुढच्या परीक्षेला आम्ही जाऊ तेव्हा पत्ता पिनकोडासकट वाचून जाऊ, हे आपणा सर्वांसमोर कबूल करतो. आणि शेजारच्या बाकावर आपलाच विद्यार्थी निघाला तर या खेपेला त्याला म्हणू, "बस बापा, दोघं मिळून पास होऊ."



नमो बुद्धाय! जय भीम!